वाट चालणे आणि वाट पाहणे

आमच्या वडोदरे शहराच्या उत्तर अंगास छाणी जकातनाका नावाचे एक ठिकाण आहे. रिक्षावाल्यास एवढे नाव सांगितले की पुरते. वास्तविक गुजरातेतील जकात २००७ सालीच उठली. आता तेथे आडवा बांबू नाही, पावती फाडणारा कारकून नाही. नाव मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले आहे. गेल्या हिवाळ्यात आमचे मामा इंग्लंडहून आले असता त्यांना घेऊन आम्ही त्या बाजूस निघालो होतो. रिक्षावाल्याने नाव उच्चारताच ऐंशीच्या घरातले मामा लहान मुलासारखे हसले. मग म्हणाले, "अरे, नाका गेला तरी नाक्याचे नाव जात नाही. माझ्या अंगातूनही तो अजून गेलेला नाही." या वाक्याचा उलगडा पुढे तीन रात्री चालला होता. त्यातला काही भाग वाचकांपुढे ठेवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. का, ते ओघात येईलच.

मामा म्हणजे आमच्या मातोश्रींचे चुलतबंधू. १९६७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, दांडियाबाजारातले घर सोडून ते इंग्लंडात लेस्टरला गेले. प्रथम एका कारखान्यात लागले आणि पुढे अवजड मालमोटारीचा परवाना काढून रस्त्याला लागले. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी इंग्लंड आणि इटली यांच्यामधला रस्ता तुडवला. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांस हे फारसे रुचले नव्हते. 'मुलगा विलायतेत असतो' हे अभिमानाने सांगावयाचे, आणि 'तेथे करतो काय?' असे कोणी विचारलेच, तर 'वाहतुकीच्या धंद्यात आहे' एवढ्यावर विषय मिटवावयाचा, अशी आमच्याकडची रीत होती. ती रीत आम्हीही पाळली, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्या वाहतुकीच्या धंद्याचे स्वरूप काय होते? डोव्हर बंदरात मालमोटार जहाजावर चढवावयाची, फ्रान्सच्या कॅले बंदरात उतरवावयाची आणि सबंध फ्रान्स ओलांडून आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी यावयाचे. इंग्रजी गाडीचे चक्र उजव्या हाताला आणि तिकडची वाहतूकही रस्त्याच्या उजव्या अंगाने. त्यामुळे पुढच्या गाडीला ओलांडावयाचे म्हटले की समोरून काय येत आहे ते दिसत नसे. "तिथे डोळ्यांपेक्षा धीर जास्त लागतो," असे मामा म्हणाले. मग माँ ब्लाँ पर्वताच्या पोटातून गेलेला ११.६ किलोमीटरांचा बोगदा. फ्रान्समधले शामोनी आणि इटलीतले कूरमायर यांना जोडणारा हा बोगदा १९६५ साली खुला झाला. त्याच बोगद्यात २४ मार्च १९९९ रोजी पीठ आणि मार्गारीन घेऊन जाणाऱ्या एका मालमोटारीने पेट घेतला आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. बोगदा तीन वर्षे बंद होता. त्या विषयावर मामा फार बोलले नाहीत. "आत शिरताना दर वेळी रामरक्षा म्हणत असे. त्या दिवशी मी इंग्लंडात होतो, एवढेच," असे म्हणून ते थांबले.

थंडीच्या गोष्टी मात्र त्यांनी रंगून सांगितल्या. पारा फार खाली गेला की डिझेलमधले मेण धरते, नळ्या तुंबतात आणि यंत्र बंद पडते. अशा वेळी चालक टाकीखाली चिंध्या पेटवून डिझेल पातळ करीत. आपल्याकडे डिझेलच्या टाकीखाली जाळ करणाऱ्यास लोक वेड्यात काढतील. तेथे तोच शहाणपणा होता. रविवारी फ्रान्समध्ये अवजड गाड्यांना रस्ता बंद असे. शनिवारी रात्री दहा वाजले की जेथे असू तेथे चोवीस तास मुक्काम. जवळपास निळ्या-तांबड्या गोल पाटीची चालकांची खाणावळ असली तर भाग्य. तेथे लांब मेजे मांडलेली, आणि जागा मिळेल तेथे अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसावयाचे. आमच्या मामांना ही पद्धत पंगतीसारखी वाटे. फरक इतकाच की शाकाहारी माणसाच्या वाट्याला पाव, चीज आणि बटाटे यांपलीकडे फारसे काही येत नसे.

गाडीत एक घड्याळासारखे यंत्र असे. त्यात कागदाची गोल तबकडी घालावयाची आणि चोवीस तासांत गाडी केव्हा चालली, किती वेगाने, केव्हा थांबली, हे सारे त्या कागदावर आपोआप रेखाटले जावयाचे. ब्रिटनमध्ये हे यंत्र १९८१ च्या अखेरीस सक्तीचे झाले. चालकांनी त्याला 'गाडीतला हेर' असे नाव ठेवले होते. आम्ही म्हटले, "मामा, हा तर आमच्या शाळेतल्या हजेरीपटासारखा प्रकार." त्यावर ते म्हणाले, "पण त्या हेरानेच मला झोप मिळवून दिली. साडेचार तास चालवल्यावर पाऊण तास विसावा, असा पुढे कायदाच झाला. कागद खोटे बोलत नाही म्हटल्यावर मालकालाही घाई करता येईना." ज्याची सर्वांत अधिक कुरकूर करावी त्याचेच पुढे ऋण मानावे लागते, हा अनुभव शिक्षकी पेशातही नवा नाही.

परंतु मामांच्या अंगात राहिलेला नाका तो हा नव्हे. तो सरहद्दीवरचा. ब्रिटन १९७३ साली युरोपच्या सामायिक बाजारपेठेत आला. सभासद देशांत परस्परांच्या मालावर आयातकर उरला नव्हता. तरीही प्रत्येक सरहद्दीवर कागद दाखवावे लागत. दर देशाची विक्रीकराची रीत निराळी, आकडेवारीचे तक्ते निराळे, फळांची व मांसाची तपासणी निराळी. टाकीत डिझेल किती भरून आणले तेही पाहत. त्याहून दूर जाणाऱ्या, म्हणजे तुर्कस्तान-इराणकडच्या गाड्यांवर निळ्या पाटीवर पांढरी टी.आय.आर. ही अक्षरे असत. मालाला निघतानाच मोहोर लावावयाची आणि मधल्या देशांनी ती न फोडता पुढे सोडावयाचे, असा तो आंतरराष्ट्रीय करार. त्याची सुरुवात १९४९ साली झाली, आणि भारतही २०१७ साली त्यात सामील झाला. आमच्याकडे भिलाड-आच्छाडच्या हद्दीवर रात्र काढलेल्या ट्रकचालकांना यातले काहीच समजावून सांगावे लागणार नाही.

आता १९८४ चा फेब्रुवारी. इटलीच्या जकात कर्मचाऱ्यांनी आपल्या मागण्यांसाठी काम मुद्दाम संथ केले. आल्प्समधल्या घाटांवर गाड्यांच्या रांगा मैलोगणती वाढल्या. बर्फ पडत होते. अखेर फ्रेंच चालकांचा संयम सुटला. त्यांनी गाड्या आडव्या लावून रस्तेच अडवले आणि बघता बघता ते लोण फ्रान्सभर पसरले. बर्फावर खेळावयास आलेले हजारो प्रवासी अडकले. त्या रांगेत, बोगद्याच्या अलीकडे, यंत्रांचे सुटे भाग भरलेली मामांची गाडी उभी होती.

पाचव्या दिवशी मामा रांगेतून दोन मैल चालत एका गावात गेले आणि कॉफीच्या दुकानातून इंग्लंडला आपल्या कचेरीत दूरध्वनी केला. तिकडच्या कारकुनाने आधी विचारले, "तुम्ही बसला आहात ना?" मग सांगितले, की आठवड्यापूर्वी लेस्टरच्या घरी तार आली होती. मामांच्या मातोश्री वडोदऱ्यात निवर्तल्या होत्या. मामींनी कचेरीला कळवले, पण कचेरीजवळ रस्त्यावरच्या माणसाला गाठण्याचे साधन नव्हते.

येथे आम्हास थोडे स्वतःविषयी लिहिणे भाग आहे. आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो. त्या आजींच्या अखेरच्या दिवसांत आम्ही त्याच घरात होतो. तार केल्यावर सारे घर दोन-तीन दिवस फाटकाकडे डोळे लावून होते, आणि धाकट्या भावाने अग्नी दिल्यावर ओसरीवर जे बोलणे झाले ते आमच्या कानांनी ऐकले आहे. 'विलायतेत गेला तो गेलाच.' 'आईपेक्षा पैसा मोठा.' पुढे महिन्याने मामांचे पत्र आले. त्यात 'कामामुळे पोहोचू शकलो नाही, क्षमा असावी' एवढीच एक ओळ होती. त्या ओळीवरूनही बोलणे झाले. चाळीस वर्षे आमच्या घराण्यात मामांची ओळख त्या एका ओळीने दिली जात असे.

दुकानातून परत आल्यावर मामा गाडीच्या पायरीवर बसून राहिले. मोहोरबंद माल सोडून चालकाला कोठे जाता येत नाही. शेजारच्या गाडीतला एक पोर्तुगीज चालक जवळ आला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मामांनी एवढेच म्हटले, "मम्मा," आणि आकाशाकडे हात केला. तो समजला. मग मामांना आठवले, की मृत्यूची वार्ता कानी पडल्यावर सचैल स्नान करावयाचे असते. त्यांनी खुणेने पाणी मागितले. त्या माणसाला प्रथम वाटले, यांना प्यावयास हवे आहे. नंतर मामा अंगरखा-विजारीसह बर्फात उकिडवे बसले तेव्हा तो क्षणभर थबकला, आणि परत जाऊन आपल्या स्टोव्हवर पाणी कोमट करून डबा घेऊन आला. त्याने मामांच्या डोक्यावर पाणी ओतले. तोपर्यंत पाच-सात चालक भोवती जमले होते. कोणी काही विचारले नाही. सर्वांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या होत्या. एका इटालियनाने आपली घोंगडी दिली ती परत घेतली नाही.

"हे तुम्ही घरी कळवले का नाही?" आम्ही विचारले.

"काय कळवणार?" मामा म्हणाले. "दुसऱ्या देशाचे जकातवाले हळू काम करीत होते म्हणून मी आईला पोहोचलो नाही, हे कोणाला खरे वाटले असते? मलाही लिहिताना ते खोटे वाटू लागले होते."

त्या अडवणुकीचे पडसाद दूरवर उमटले. १३ जुलै १९८४ रोजी फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांनी सारब्रुकेन येथे करार करून आपल्यामधल्या सरहद्दीवरची तपासणी सैल केली. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधल्या शेंगेन या खेड्याजवळ, मोझेल नदीतल्या एका नौकेवर, पाच देशांनी तपासणी उठवण्याच्या करारावर सह्या केल्या. १ जानेवारी १९९३ पासून बाजारपेठेतील देशांच्या आपसातल्या सरहद्दींवर मालाची जकाततपासणी थांबली, आणि १९९५ साली शेंगेनचा करार प्रत्यक्षात आला. इतिहासाच्या पुस्तकांत या कामाचे श्रेय हेल्मुट कोल आणि फ्रान्स्वा मितराँ यांस मिळते. ते उचितच आहे. परंतु बर्फात उभ्या राहिलेल्या त्या रांगांचा धक्काही त्यामागे होता, हे विसरता येत नाही.

आमची कल्पना होती, की नाके गेल्यावर चालकांमधला तो बंधुभावही गेला, अशी खंत मामा करतील. जुन्या आठवणी सांगणारा मनुष्य सहसा तशी करतो. मामांनी ती केली नाही. "नंतर सरहद्द केव्हा ओलांडली तेही कळत नसे. थांबणे नाही, म्हणून बोलणेही नाही. पण त्या टोप्या काढलेल्या माणसांसाठी नाका परत आणा, असे मी कधीही म्हणणार नाही. माणसे चांगली होती. नाका चांगला नव्हता."

नाका मात्र परत आला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि १ जानेवारी २०२१ पासून जकातीचे कागद पुन्हा सुरू झाले. त्याच्या थोडे आधी, २० डिसेंबर २०२० च्या रात्री, साथीच्या भयाने फ्रान्सने सरहद्द बंद केली, आणि नाताळच्या तोंडावर हजारो मालमोटारी केंट परगण्यात अडकून पडल्या. लेस्टरच्या घरात निवृत्त मामा दूरचित्रवाणीवर त्या रांगा पाहत होते. तेवढ्यात बातमी दिसली, की ग्रेव्ह्‌सेंडच्या गुरुद्वारात शिजवलेले छोल्यांचे गरम जेवण खालसा एडचे स्वयंसेवक त्या चालकांना वाटत आहेत. मामा म्हणाले, "रांगेत पोर्तुगीजही असतीलच. मला वाटले, त्या डब्यातले पाणी आज कोठेतरी परत पोहोचले."

आम्ही मराठीचे विद्यार्थी. 'वाट चालणे' आणि 'वाट पाहणे' यांत शब्द एकच कसा, हे आम्ही वर्गात कितीदा फळ्यावर लिहून समजावले आहे. मामांच्या आयुष्यात हे दोन्ही अर्थ एकाच रस्त्यावर भेटले, आणि आमच्या घराण्याला मात्र त्यांतला पहिलाच तेवढा माहीत होता. मामा परतण्याच्या आदल्या दिवशी आम्ही घरातल्या सर्वांना जमवून ही हकिगत त्यांच्यासमोर सांगितली. ज्यांनी ओसरीवर ते शब्द उच्चारले होते त्यांपैकी एक वयोवृद्ध काकू तेवढ्या आज हयात आहेत. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग उठून आत गेल्या आणि मामांसाठी ताटात भाकरी वाढून घेऊन आल्या.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी दूरदेशी आहे. त्यांच्या पत्रात कधी एकच ओळ असली, तर तिच्यावरून निकाल देण्याची घाई करू नये.