हे कोणाच्या नजरेतून?

खानदेशातील एरंडोल हे गाव पूर्वी हातकागदाकरिता प्रसिद्ध होते. परंतु कागद कोठेही बनो, त्यावर लिहिणारे हात पुष्कळ काळ बहुधा पुरुषांचेच होते. म्हणून कोणताही मजकूर वाचताना 'हे कोणाच्या नजरेतून लिहिले आहे?' असे विचारणे अगत्याचे आहे.

खानदेशाशेजारच्या बुलढाण्यातील ताराबाई शिंदे यांनी तेच केले. १८८१ साली सुरतेत एका तरुण विधवेवर खटला झाला आणि वृत्तपत्रांतून साऱ्याच स्त्रियांना दूषणे दिली जाऊ लागली. ताराबाई ते वाचून गप्प बसल्या नाहीत. जे दोष स्त्रियांना लावता, ते पुरुषांत नाहीत काय, असा रोकडा सवाल त्यांनी १८८२ मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकातून केला. त्यांच्यावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली.

अशा वाचनाने मुली भांडखोर होतात, असे कोणी म्हणेल. परंतु न्यायाचे एकच माप दोघांना लावणे म्हणजे भांडण नव्हे. सकाळी भावाच्या हाती वर्तमानपत्र आणि बहिणीच्या हाती केरसुणी, अशी वाटणी ज्या घरात असेल, तेथे ती मोडली पाहिजे. केर दोघांनी काढावा, वर्तमानपत्रही दोघांनी वाचावे. आणि वाचताना तो प्रश्न दोघांनीही विचारावा.