जोडे, कोट आणि ज्योती

कन्नड मुलखात एक कथा सांगतात. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत होतं, पण तिने ती कधी कुणाला सांगितली नाहीत. कोंडून कंटाळलेली गोष्ट एकदा बाई झोपेत असताना तोंडावाटे निसटली आणि जोडे होऊन दाराशी बसली. गाणं कोट होऊन खुंटीला लटकलं. नवऱ्याने विचारलं, हे कुणाचे? तिला सांगता येईना. भांडण झालं, आणि नवरा घोंगडी घेऊन मारुतीच्या देवळात जाऊन पडला. गावातले दिवे मालवले की त्यांच्या ज्योती रात्री त्याच देवळात गप्पांना जमत. त्याच्या घरची ज्योत उशिरा आली, आणि तिच्याकडून त्याला खरा प्रकार समजला. घरी येऊन त्याने गोष्ट विचारली, तर बायको म्हणाली, कसली गोष्ट? कसलं गाणं?

कवी आणि लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी ही कथा १९९१ साली ‘फोकटेल्स फ्रॉम इंडिया’ या संग्रहात घेतली. जन्म म्हैसूरचा, १९२९ सालचा. घरात आईशी तमिळ, रस्त्यावर कन्नड, माडीवर गणिताचे प्राध्यापक असलेल्या वडिलांशी इंग्रजी. बेळगावात शिकवलं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचा अभ्यास केला, मग १९९३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीन दशकं शिकागो विद्यापीठात. कविता इंग्रजीत लिहिली, कन्नडमध्येही. मानसन्मान पुष्कळ मिळाले.

आम्हाला त्यांचं मोठेपण दिसतं ते दुसरीकडे. ज्या कानाने त्यांनी प्राचीन तमिळ संगम काव्य आणि कन्नड संत बसवण्णांची वचनं ऐकली, त्याच कानाने मुलांना भरवताना सांगितलेल्या गोष्टी ऐकल्या. बायकांच्या कथा वेगळ्या असतात, हे त्यांनी दाखवून दिलं: तिथे लग्नाने गोष्ट संपत नाही, पुष्कळदा तिथूनच सुरू होते, आणि नायिकेला आपली हकीकत सांगता आली की तिची सुटका होते. आईशीच लग्न होणाऱ्या मुलाची मराठी इडिपसकथा इरावती कर्वे यांनी १९५० साली नोंदवली होती. रामानुजनांना तशीच कन्नडमध्ये मिळाली. बेळगावच्या सीमेवरून माणसं भांडत राहिली, गोष्टींना सीमा नव्हतीच.

आपल्या विद्यापीठांत लोकसाहित्य शिकवतात, कविताही शिकवतात, पण दोन्हींची गाठ क्वचित पडते. लोककथा म्हणजे परीक्षेतला एक प्रश्न, असं समजणाऱ्या कवीचं त्यात मोठं नुकसान आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वाचकहो, या दिवाळीत घरातल्या आजीला, मावशीला एखादी गोष्ट विचारा. तिच्याच बोलीत, एकही शब्द न सुधारता लिहून काढा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात या गोष्टींसाठी पानं राखून ठेवली आहेत.