सरकारी वकील, न्यायमूर्ती आणि कोठडीतला माणूस

शहाद्याच्या न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास जो कोणी घटकाभर उभा राहील, त्याच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून तारखेला आलेली माणसे सरकारी वकिलाला पोलिसांचा वकील समजतात. कायद्याचे म्हणणे वेगळे आहे. सरकारी वकील पोलिसांचा नोकर नाही. आरोपीला शिक्षा मिळवून देणे हेही त्याचे अंतिम कर्तव्य नाही. आरोपीच्या बाजूचा पुरावा हाती आला तर तोही न्यायालयापुढे ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. परंतु कायद्याचे हे वचन आणि आवारातला हा समज यांच्यात जे अंतर आहे, तेच आपल्या न्यायव्यवस्थेचे खरे दुखणे आहे.

या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सरकारी वकिलीतूनच अनेक जण पुढे उच्च न्यायालयाच्या आसनावर जातात. वर्षानुवर्षे ज्याने राज्यसंस्थेच्या वतीने युक्तिवाद केला, तो न्यायमूर्ती झाल्यावर राज्यसंस्थेविरुद्ध उभ्या राहिलेल्या एकट्या माणसाचे म्हणणे त्याच समतोलाने ऐकू शकतो काय? या प्रश्नाचे तडकाफडकी उत्तर देण्याचा मोह टाळून महाराष्ट्रातील एक कारकीर्द आपण नीट पाहू. ती कारकीर्द न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांची.

चंद्रचूडांचा जन्म पुण्याचा, 1920 सालचा. पुण्याच्या विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेऊन त्यांनी 1943 मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. 1952 मध्ये ते साहाय्यक सरकारी वकील झाले आणि 1958 मध्ये सरकारी वकील. त्याच पदावर असताना नानावटी खटला त्यांच्यापुढे आला. 27 एप्रिल 1959 रोजी नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घालून ठार केले. सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीला निर्दोष ठरविले. एका गाजलेल्या इंग्रजी साप्ताहिकाने आरोपीची बाजू उचलून धरली होती, शहरातील प्रतिष्ठितांची सहानुभूती त्याच्या पाठीशी होती. सत्र न्यायाधीशांनी तो कौल अमान्य करून प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे सरकारच्या वतीने चंद्रचूड उभे राहिले. मार्च 1960 मध्ये उच्च न्यायालयाने नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

आपण कार्यकर्त्यांनी हा प्रसंग विसरता कामा नये. अभियोग चालविणे म्हणजे लोकांच्या विरुद्ध उभे राहणे, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. ती चुकीची आहे. आरोपी वजनदार असतो आणि मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारे कोणी नसते, तेव्हा निर्भीड सरकारी वकील हाच गरिबाचा आधार असतो. 1971 च्या पाटीलवाडीच्या घटनेनंतर, जेव्हा शहादा तालुक्यात पीकसंरक्षणाच्या नावाखाली धनवंतांचे रखवालदार आदिवासींवर दांडगाई करीत होते आणि त्यातूनच श्रमिक संघटना उभी राहत होती, तेव्हा येथील आदिवासीला अशाच निर्भीड अभियोगाची गरज होती. आपली तक्रार सरकारी वकिलाच्या अस्तित्वाविषयी नाही. त्याची तडफ माणूस पाहून कमीजास्त होते, याविषयी आहे.

मार्च 1961 मध्ये चंद्रचूड मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. अकरा वर्षांनी, ऑगस्ट 1972 मध्ये, ते सर्वोच्च न्यायालयात गेले. दुसऱ्याच वर्षी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींपैकी जे सहा जण संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालण्यास तयार नव्हते, त्यांत ते होते. याबद्दल त्यांना आज दोष देणे सोपे आहे. पण त्या काळी मालमत्तेच्या हक्काचे निमित्त करून न्यायालये जमीनसुधारणा आणि राष्ट्रीयीकरण यांच्या आड येतात, ही तक्रार आपणही करीत होतो. अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला तर लोकनियुक्त संसदेच्या हाती निरपवाद अधिकार असावेत हे प्रगतीचे लक्षण वाटे. जो अधिकार जमीनदाराविरुद्ध वापरता येतो तोच उद्या जमीनदाराच्या शत्रूविरुद्धही वापरता येईल, याचा विचार आपल्यापैकी फार थोड्यांनी केला होता.

तो उद्या फार दूर नव्हता. 25 जून 1975 रोजी आणीबाणी पुकारली गेली. दोनच दिवसांनी राष्ट्रपतींच्या आदेशाने जीवित, स्वातंत्र्य आणि समानता या हक्कांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद करण्यात आला. मिसाखाली हजारो माणसे स्थानबद्ध झाली. बंगलोरच्या तुरुंगात मधु दंडवते होते; त्यांच्यासह चार खासदारांनी तेथील उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचे अर्ज केले. अशा अर्जांवर देशातील नऊ उच्च न्यायालयांनी, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही, सरकारचा आक्षेप फेटाळला. स्थानबद्धता कायद्याला धरून आहे की नाही एवढे तरी न्यायालय पाहू शकते, अशी त्यांची भूमिका होती. सरकार अपिलात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती तारकुंडे, न्यायासन सोडल्यावर पुन्हा वकिलीचा झगा चढवून, स्थानबद्धांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले.

28 एप्रिल 1976 रोजी निकाल लागला. एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून माणूस मारला तरी आणीबाणीत न्यायालयाकडे उपाय नाही काय, असे न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले होते. सरकारी युक्तिवादानुसार उपाय नाही, हे अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांनी मान्य केले होते. तरीही चार न्यायमूर्तींनी सरकारचे म्हणणे उचलून धरले. चंद्रचूड त्या चौघांपैकी एक होते. अत्याचार घडणार नाहीत, अशी आशा त्यांनी आपल्या निवाड्यात व्यक्त केली. ती आशा प्रामाणिक असेलही. परंतु ती लिहिली जात होती तेव्हा केरळमधील राजन या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी वसतिगृहातून उचलून नेल्याला जवळजवळ दोन महिने होत आले होते, आणि तो कोठडीतील छळाने मरण पावला होता. समाजवादी चळवळीशी जोडलेल्या अभिनेत्री स्नेहलता रेड्डी बंगलोरच्या तुरुंगात दम्याने खंगल्या आणि सुटकेनंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी 1977 मध्ये, निवर्तल्या. आणीबाणी उठताच राजनच्या वडिलांनी केरळ उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. त्या एका अर्जाने सत्य बाहेर आले आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. जो उपाय नाकारला गेला त्याचे मोल काय होते, हे याहून स्पष्ट कशाने होणार?

सरकारी वकिलीच्या संस्काराचा प्रश्न येथे उभा राहतो. सरकारी कागद खरा धरायचा, अधिकाऱ्याच्या सद्हेतूवर विश्वास ठेवायचा, ही त्या पेशातील रोजची सवय. न्यायासनावर बसल्यावर ती उतरवून ठेवावी लागते. 1976 मध्ये ती उतरली नाही, असे आम्हांला वाटते. अर्थात त्या बहुमतातील इतर तिघांची वाट वेगवेगळी होती. म्हणून दोष केवळ पेशाच्या माथी मारणेही न्याय्य होणार नाही. खन्ना एकटे विरुद्ध गेले. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले आणि खन्नांनी राजीनामा दिला.

फेब्रुवारी 1978 मध्ये चंद्रचूड सरन्यायाधीश झाले. मुंबईतील काही नामवंत कायदेपंडितांचा याला विरोध होता; परंतु जनता सरकारने ज्येष्ठतेचा नियम पाळला. कायदामंत्री होते शांतिभूषण, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी स्थानबद्धांची बाजू त्यांच्यापुढे मांडून गमावली होती. आम्हांला तो निर्णय योग्य वाटतो. निकाल नापसंत म्हणून न्यायमूर्ती डावलण्याची जी प्रथा इंदिराजींनी पाडली, तीच आपणही चालविली असती तर तिच्याविरुद्ध बोलण्याचे तोंड आपल्याला उरले नसते.

पुढच्या सात वर्षांत या माजी सरकारी वकिलाच्या हातून जे निवाडे झाले, ते मुद्दाम एकत्र वाचावेत. 1978 मध्ये साक्षीदारांवर दबाव आणल्याच्या कारणावरून संजय गांधींचा जामीन रद्द झाला. 1980 मध्ये अटकपूर्व जामिनाच्या तरतुदीचा उदार अर्थ लावला गेला. त्याच वर्षी मिनर्व्हा मिल्स खटल्यात, केशवानंद प्रकरणी स्वतः अल्पमतात राहिलेल्या चंद्रचूडांनी संसदेच्या अमर्याद अधिकाराला मर्यादा घातली. 1983 मध्ये जन्मठेपेच्या कैद्याकडून खून झाल्यास फाशीच दिली पाहिजे, हे भारतीय दंड संहितेचे कलम रद्द झाले. आणि निवृत्तीच्या आदल्या दिवशी, 10 जुलै 1985 रोजी, मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात त्यांनी उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगितले. ते तत्त्व थोर होते. पण पर्यायी जागा देणे ही झोपडी पाडण्याची पूर्वअट त्यांनी सरसकट केली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. हक्क कागदावर आला आणि झोपडी पडायची ती पडलीच.

1976 च्या निकालाबद्दल चंद्रचूडांनी पुढे जाहीरपणे खेद व्यक्त केला. चूक कबूल करणारे न्यायमूर्ती विरळा, म्हणून त्याचा आदर केला पाहिजे. 2008 मध्ये ते निवर्तले. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणाच्या हक्काचा निर्णय देताना 1976 चा तो निकाल रद्दबातल ठरविला. आणि तसे लिहिणारे न्यायमूर्ती होते त्यांचेच पुत्र धनंजय चंद्रचूड. वृत्तपत्रांना यातील पितापुत्रांचे नाट्य भावले. आम्हांला मात्र मधली एकेचाळीस वर्षे दिसतात. वरच्या न्यायालयाची चूक दुरुस्त व्हायला एवढा काळ लागतो आणि कोठडीतल्या माणसाजवळ तेवढा वेळ नसतो.

म्हणून या कारकीर्दीचा धडा आम्ही असा घेतो. माणसाचे स्वातंत्र्य न्यायमूर्तीच्या आशेवर सोपवून चालणार नाही, मग तो कितीही विद्वान आणि सज्जन असो. ते कार्यपद्धतीत बांधून घ्यावे लागते आणि ती कार्यपद्धती खालच्या न्यायालयात रोज पाळली जाते की नाही, यावर पहारा ठेवावा लागतो. आज आणीबाणी नाही. तरीही देशातील तुरुंगांत दर चार माणसांपैकी सुमारे तीन माणसे कच्चे कैदी आहेत. त्यांना अडवून ठेवायला राष्ट्रपतींचा आदेश लागत नाही. जामीनदार न मिळणे पुरते. जामीन ही जणू बाजारातील वस्तू झाली आहे आणि तिची किंमत मजुराच्या महिनोन्महिन्यांच्या रोजंदारीएवढी असते. सातबारा स्वतःच्या नावावर असलेला जामीनदार भूमिहीन भिल्लाने कोठून आणावा? गरिबाला भारी पडणारी अशी अट घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मोतीराम प्रकरणी 1978 मध्येच सांगितले आहे. ते अजून पुष्कळ ठिकाणी पोहोचायचे आहे.

कार्यकर्त्यांनी करण्याजोगे येथे बरेच आहे. अटकेनंतर चोवीस तासांत माणूस दंडाधिकाऱ्यापुढे आणला गेला की नाही ते पाहावे. अनुसूचित जमातींतील व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतील कोणालाही उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करण्यास घरच्यांना मदत करावी. जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी वगळता, कमाल शिक्षेचा अर्धा काळ आणि पहिल्याच गुन्ह्यातील आरोपीने एकतृतीयांश काळ तुरुंगात काढला असेल तर त्याला जामीन मिळाला पाहिजे. त्यासाठी अर्ज करणे तुरुंग अधीक्षकाचे कर्तव्य आहे. आपल्या गावातील कोण किती दिवस आत आहे, याची वही प्रत्येक शाखेने ठेवावी. मोर्चाला जमणाऱ्या शंभर माणसांइतकेच मोल तारखेला सोबत जाणाऱ्या एका माणसाचे आहे.

दिल्लीच्या न्यायासनावर कोण बसतो हे आपल्या हाती नाही. शहाद्याच्या आवारात कोण कोणाच्या शेजारी उभा राहतो, हे मात्र आहे.