मिठीला नाला कोणी केले?

दरवर्षी मे महिना उजाडला की मुंबईच्या वर्तमानपत्रांना मिठी नदी आठवते. गाळ किती काढला, किती राहिला, आणि शेवटी ठरलेले वाक्य: काठावरच्या झोपडपट्ट्यांनी नदीचा नाला केला. हे वाक्य लिहिणाऱ्यांना एकच विचारायचे आहे. या नदीचा इतिहास तुम्ही कधी वाचला आहे काय?

मिठी जेमतेम 18 किलोमीटरची. विहार आणि पवई तलावांचे जादा पाणी घेऊन ती निघते. साकीनाका, विमानतळ, कुर्ला, कलिना, धारावी असे करत माहीमच्या खाडीला मिळते. 1860 मध्ये इंग्रजांनी विहारचा बांध पूर्ण केला आणि नदीचे उगमाकडचे पाणी नळाने शहरात नेले. म्हणजे पहिला घाव डोक्यावर बसला. पावसाळा सोडला तर वाहायला उरले ते सांडपाणी. तेव्हा कुर्ल्याच्या काठावर आजच्या झोपड्या नव्हत्या.

खालच्या अंगाला खाडी होती, तिवरांचे दाट जंगल होते. तिवराची मुळे चिखलातून वर येऊन श्वास घेतात, गाळ धरून ठेवतात. त्यांच्या आडोशाला कोळंबी, खेकडे, माशांची पिल्ले वाढतात. धारावीचा कोळीवाडा यावरच जगत होता. भरतीला समुद्राचे पाणी आत येते आणि त्याच वेळी वरून पाऊस कोसळला, तर दोन्ही पाणी पसरायला जागा लागते. ती जागा म्हणजे ही दलदल. पुस्तकी शहाण्यांनी तिला 'पडीक' ठरवले. 1977 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन एमएमआरडीएकडे गेले. भराव पडला, काचेचे मनोरे उभे राहिले. विमानतळाने नदीला काटकोनात वळायला लावले. याला कोणी अतिक्रमण म्हटले नाही; याला विकास म्हटले!

मग 26 जुलै 2005. सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस. नदीने आपली जुनी जागा मागितली. प्राधिकरण स्थापन झाले, चितळे समिती बसली, आणि बुलडोझर निघाले ते कुठे? झोपड्यांवर. काचेच्या मनोऱ्यांना नोटीस चिकटवायला गोंद मिळत नसावा.

काठावरच्या वस्तीने पात्र अरुंद केले नाही, असे मी म्हणत नाही. केले आहे. भंगाराच्या गोदामांतून आणि लहान कारखान्यांतून तेल-रसायने पाण्यात जातात, हेही मी रोज पाहतो. पण गावाबाहेर, पाण्याच्या उताराला, जिथे दुसरे कोणी राहणार नाही तिथे राहायला कोण येते? गावात महारवाडा ज्या दिशेला असायचा, त्याच हिशोबाने शहरानेही आमच्या माणसांना जागा दिली. धारावीत चामडे कमावायला कोण आले, त्यांच्या जाती पाहा. नदी घाण म्हणून तिथे आपली माणसे, आणि आपली माणसे तिथे म्हणून नदी घाण! जातिव्यवस्थेचे तर्कशास्त्र असेच फिरते.

गटारांचेही तेच. मैला हाताने साफ करवून घेण्यास 2013 च्या कायद्याने बंदी आहे. गटारातील मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख भरपाई ठरवली. तरी माणसे उतरतातच. आम्हाला याचे नवल वाटत नाही. बोले ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेचा ठराव 1924 चा. पाण्याला हात मात्र 1927 मध्ये बाबासाहेब हजारोंना घेऊन चालत गेले तेव्हा लागला. कागदाने दिलेले पाणी आपोआप ओंजळीत येत नाही.

इकडे 2025 मध्ये गाळउपशातील सुमारे 65 कोटींच्या कथित गैरव्यवहाराचा गुन्हा नोंदला गेला. गाळ खरोखर किती निघाला ते न्यायालयात ठरेल. पण त्याच गाळाच्या नावाने कुर्ल्याच्या क्रांतीनगरातली माणसे पाणी चढले की लेकरे आणि कागदपत्रांची पिशवी उचलून पालिकेच्या शाळेत जातात, आणि पाणी उतरले की परत चिखल उपसायला घरी येतात. पुनर्वसन दूर नको, कामाजवळ हवे, एवढे म्हटले की ते 'हट्टी' ठरतात.

म्हणून पुढच्या वेळी मिठीच्या पात्रातील अतिक्रमणांची यादी कोणी दाखवली, तर तिचे पहिले पान मोठ्याने वाचायला सांगा. पहिला क्रमांक झोपडीचा आहे की भरावावरच्या मनोऱ्याचा, तेवढे आम्हाला कळवा.

जय भीम!