पाण्याने कमावलेलं पोलाद

पोलाद मजबूत करायचं म्हणजे त्यात काहीतरी घालायचं, असा आपला समज. कार्बन वाढवला की ताकद वाढतेही, पण प्लेट ठिसूळ होते आणि वेल्डिंगला नखरे करते. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेत 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज धक्क्याला उभ्याउभ्या दुभंगलं. वेल्डिंगचे दोष होतेच, पण थंडीत पोलादाचा चिवटपणाही कमी पडला.

ताकद आणि चिवटपणा दोन्ही एकदम वाढवायचे तर स्फटिककण बारीक करायचे. त्यासाठी प्लेट ठरावीक तापमानाला लाटायची आणि साधारण ८०० अंशांवर असतानाच पाण्याच्या फवाऱ्यांतून सरकवत मोजूनमापून गार करायची. कणांना वाढायला सवडच मिळत नाही! जपानमध्ये फुकुयामाला १९८० साली हे रोलिंगच्या ओळीतच सुरू झालं. कार्बन कमी पुरतो, त्यामुळे वेल्डरचं काम सोपं होतं.

आता माझी तक्रार. अशी प्लेट आणायची आणि वाकत नाही म्हणून वर्कशॉपात गॅसच्या ज्योतीने लालभडक करायची... अहो, युरोपीय मानक ५८० अंशांवर तापवून आकार द्यायला मनाई करतं. गेलेली ताकद नॉर्मलायझिंगनेही परत येत नाही, कारण ती रसायनात नव्हतीच. प्लेट दिसते तशीच, टेस्ट सर्टिफिकेटही तेच!

माझं म्हणणं, प्लेटवरच ठळक रंगवा, 'लाल करू नये'. आणि मराठीत. सर्टिफिकेट इंग्रजीत असतं, तेही ऑफिसच्या फायलीत. ज्योत असते फिटरच्या हातात.