किल्ली नसलेली पेटी

तिजोरी म्हटली की कुलूप आले आणि कुलूप म्हटले की किल्ली आली. पेढीवर बसणाऱ्या मनुष्याला याहून वेगळी व्यवस्था सहसा सुचत नाही. परंतु कुलूप, किल्ली व बिजागरी यांपैकी काहीही नसताना अनोळखी हाताला न उघडणारी लाकडी पेटीही असते. तिची किल्ली धातूची नसून माहितीची असते.

अशा पेट्यांसाठी जपानमधील हाकोने हा डोंगराळ प्रदेश प्रसिद्ध आहे. एदो ते क्योटो या तोकाइदो नावाच्या जुन्या राजमार्गावर हा घाट लागतो. तेथील हाताजुकु गावात १९व्या शतकाच्या पूर्वार्धात इशिकावा निहेई या कारागिराने योसेगी ही कला रुजवली. निरनिराळ्या जातींच्या लाकडांच्या कांड्या जोडून नक्षीचा ठोकळा करायचा आणि रंध्याने त्याचे कागदासारखे पापुद्रे काढून पेटीवर चिकटवायचे, अशी ही रीत. वरून रंग द्यायचा नाही. लाकडाचा अंगचा रंग हाच रंग. १९८४ साली जपान सरकारने या कलेस पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला. ही नक्षी केवळ शोभेची नव्हे; फळ्यांमधील सांधे तिच्यात लपून जातात.

पेटी उघडताना आधी एका बाजूची फळी किंचित सरकते. ती सरकली की दुसरीला वाट मिळते, दुसरी तिसरीला मोकळे करते. काही पेट्या ४ चालींत उघडतात, काहींना १०, काहींना २१, तर काहींना ७२ चाली लागतात. चाल चुकल्यास पेटी मोडत नाही. ती केवळ उघडत नाही.

हौशी कारागीर स्क्रोल सॉ या यंत्रावर अशाच तत्त्वाची सोपी पेटी घरी करतात. या यंत्रात केसासारखे बारीक पाते वर-खाली हलते आणि लाकूड हाताने फिरवून हवे ते वळण कापता येते. येथील युक्ती साधी आहे. तुकड्याच्या कडेला गोलसर डोक्याची जीभ कापली की तो तुकडा वर उचलून निघतो, पण आडवा ओढून निघत नाही. त्याच्यावर दुसरी सरकती पट्टी बसवली की वर उचलण्याची वाटही बंद होते. पट्टी सरकवल्याशिवाय जीभ सुटत नाही आणि जीभ सुटल्याशिवाय आतला खण बाहेर येत नाही.

युक्ती सोपी असली, तरी काम सोपे नाही. पाते टेबलाशी काटकोनात आहे की नाही, हे गुण्या लावून आधीच पाहावे लागते. ते किंचित कलले तरी तुकडा एका बाजूने बाहेर येतो आणि दुसऱ्या बाजूने अडतो. लाकूड पुरते वाळलेले हवे, कारण दमट हवेत ते रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. पावसाळ्यात घरोघरी दारे अडकतात, ती याच कारणाने. सरकणाऱ्या कडांना तेलाऐवजी मेण चोळलेले बरे. आणि पहिल्या तुकड्यातील केसभर चूक पुढच्या प्रत्येक तुकड्यात उतरते. आरंभीची शिल्लक चुकीची ओढली, तर वर्षअखेर ताळेबंद जुळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मात्र पेटी बिनचूक झाल्यावरही एक प्रश्न उरतो. चालींचा क्रम एकाच व्यक्तीला ठाऊक असेल आणि ती व्यक्ती उद्या नसेल, तर काय? मग घरच्यांच्या हाती पेटी फोडण्यावाचून उपाय राहत नाही. ज्यांच्यासाठी आतली वस्तू जपली, त्यांनाच हातोडी उचलावी लागते.

व्यापारी कुटुंबांत हे चित्र अपरिचित नाही. उधारी कोणाकडे किती, ठेवींच्या पावत्या कोठे, लॉकर कोणत्या शाखेत, त्यावर नामनिर्देशन झाले आहे की नाही, हे सारे एकट्या वडीलधाऱ्यांच्या मनात असते. त्यामागे अविश्वास क्वचितच असतो. बहुधा ‘सांगू सावकाश’ एवढेच असते. पण ती सवड राहून गेली, तर दुःखाच्या दिवसांत वारसांना कागदपत्रांसाठी खेटे घालावे लागतात, कधी लॉकर फोडावा लागतो, आणि येणे असलेल्या रकमेचा पत्ताच लागत नाही. भावाभावांत संशय शिरतो, तोही बहुधा याच फटीतून.

हाकोनेच्या कारागिरांनी याचा विचार केलेला दिसतो. तेथे पेटी विकत घेतली की सोबत एक लहानसा कागद मिळतो. कोणती फळी आधी आणि कोणती नंतर, याची आकृती त्यावर क्रमवार काढलेली असते. पेटीचे गुपित परक्यांसाठी असते, घरच्यांसाठी नाही. ज्या घरात पेटी आहे, त्या घरात तो कागदही कोणातरी विश्वासाच्या हाती असावा. आणि तो कोणाच्या हाती आहे, हे आजच ठरवलेले असावे.