‘लोककला’ म्हणायचे आणि लोकांची नावे पुसायची



गेल्या 14 एप्रिलला नेर तालुक्यातल्या एका गावात आम्ही मिरवणुकीत होतो. पुढे ट्रकवर डीजे, मागे बेभान नाचणारी पोरे. ज्या भीमगीतावर ती नाचत होती ते गाणे कोणी लिहिले, म्हणून आम्ही चार-पाच जणांना विचारले. एकाने कॅसेट कंपनीचे नाव सांगितले, एकाने डीजेवाल्याचे. बाकीचे हसले. त्याच वेळी विहाराच्या ओट्यावर साठी ओलांडलेले एक दादा बसून होते. दिवसा पऱ्हाटीत डवरणी-निंदण आणि रात्री पेटी घेऊन गायन, अशी तीस वर्षे त्यांनी पंचक्रोशीत काढली. त्या दिवशी त्यांच्या हातात कोणी माईक दिला नाही. ‘कोणी’ तरी कशाला म्हणावे? वर्गणी जमवणाऱ्यांत आम्हीही होतो. डीजेचा ॲडव्हान्स आमच्यासमोरच दिला गेला.

म्हणून हा लेख आधी आमच्यावर आहे, मग इतरांवर.

आपली चळवळ गाण्यातून वाढली हे आपण भाषणात नेहमी सांगतो. सत्यशोधकांच्या जलशांनी वाट पाडली, त्यावरून आंबेडकरी जलसे चालले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा गावोगाव फिरला. आपल्या दहा सभांच्या बरोबरीचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, असे सांगितले जाते. हे जलसेवाले कोण होते? शेतमजूर, गिरणी कामगार, हमाल. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (जन्म 1922) मुंबईत मिळेल ते काम करत राहिले. अक्षरओळख झाली तीसुद्धा मोठेपणी. ज्यांना शाळेने अक्षर दिले नाही, त्यांनी आपल्याला हजारो गाणी दिली.

आता एक बारीक गोष्ट बघा. वामनदादांच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. संतांपासून चालत आलेली ही नाममुद्रा आहे. ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचा हा सातबारा. आणि डीजेचे रिमिक्स काय करते? मुखडा घेते, फार तर एक कडवे घेते, आणि पुन्हा मुखडा. शेवटचे कडवे येतच नाही. म्हणजे कवीचे नाव नेमके जिथे आहे तिथेच कात्री लागते. हे कोणी ठरवून केले असे आमचे म्हणणे नाही. पण परिणाम तोच होतो.

प्रस्थापितांचे पुसणे वेगळ्या जातीचे आहे. ते ‘लोककला’ हा शब्द वापरतात. लोककला म्हटले की ती सगळ्यांची होते, आणि सगळ्यांची झाली की कोणाचीच राहत नाही. डफडे कोणी वाजवले, ढोलकी कोणी घडवली, तमाशाच्या फडात पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जाती खपल्या, हे सांगायची मग गरजच उरत नाही.

अमेरिकेतही हेच घडले. तिथे मध्यपश्चिमेच्या राज्यांत मका आणि सोयाबीन पिकते (हो, आपल्यासारखेच सोयाबीन), आणि तिथल्या कष्टकऱ्यांच्या गाण्याला मोठा मान आहे. इलिनॉयचा जॉन प्राइन टपाल वाटायचा, वाटता वाटता गाणी रचायचा. 2020 मध्ये कोरोनाने तो गेला तेव्हा देशभर हळहळ झाली. टपालवाल्याला हा मान मिळाला, चांगलेच झाले. पण त्याच ‘कंट्री’ संगीतातला बँजो आला कुठून? आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांकडून. (आपल्या कव्वाली पार्टीतला बेंजो हे वेगळे वाद्य, नाव तेवढे सारखे.) डिफोर्ड बेली हा काळा माऊथऑर्गनवादक नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी एक. 1941 मध्ये त्याला काढून टाकले. पुढे त्याने बूट पॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. 1982 मध्ये तो वारला आणि कंट्री संगीताच्या सन्मान-दालनात त्याचे नाव लागले 2005 मध्ये. ‘गावाकडचे संगीत’ म्हटले की तिकडे गोऱ्या शेतकऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो. तो चेहरा कसा तयार झाला, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

काही मित्र म्हणतील, गावकीचे वाजवणे सोडा असे आपल्याला शिकवले, आता पुन्हा तेच का उकरता? प्रश्न रास्त आहे. बिनमोल, हुकमावर, दारात उभे राहून वाजवणे ही गुलामी होती. ती टाकली हे योग्यच केले. पण जलसा ही गावकी नव्हती. तिथे गाणारा आपल्या मनाने, आपल्या माणसांसमोर, स्वतः रचलेले गात होता. या दोन्हींत आपण गल्लत केली आणि गुलामीबरोबर गायकही टाकून दिला. छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात एकतारीवर गात वस्त्या फिरत होत्या, तेव्हा त्यांना कोण ओळखत होते? मोबाईलवर व्हिडिओ फिरला तेव्हा आपण अभिमानाने शेअर केला. आपल्याच तालुक्यातल्या कडूबाईंचे काय?

ओट्यावरच्या दादांना आम्ही दुसऱ्या दिवशी भेटलो. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे, महिन्याला 5000 रुपये. त्यांनी अर्ज का केला नाही, विचारले. ते म्हणाले, “बाबू, पुरावा मांगते ना. मी गायलो थे सगळ्या गावाले मालूम हाय, पन कागद कोठी हाय?” पंधरा वर्षांच्या कलेचा पुरावा म्हणजे कार्यक्रमपत्रिका, कात्रणे, प्रमाणपत्रे. आपल्या मंडळांनी तीस वर्षांत या माणसाचे नाव एकाही पत्रिकेवर छापले नाही. छापली ती प्रमुख पाहुण्यांची, नगरसेवकांची, सौजन्यवाल्यांची. खालच्या ओळीत ‘भीमगीतांचा बहारदार कार्यक्रम’. शासनाला शिव्या देणे सोपे आहे, पण हा कागद आपणच दिला नाही.

तेव्हा येत्या जयंतीसाठी आमच्या मंडळात आम्ही भांडणार आहोत. पत्रिकेवर गायक, ढोलकवाला, कोरसवाल्या बाया, सगळ्यांची नावे. बिदागी ठरवून, कार्यक्रमाआधी, रोख. डीजे नकोच असे म्हटले तर पोरे आम्हाला गावातून हाकलतील, ते आम्हाला ठाऊक आहे. पण विहारासमोर दोन तास डीजे बंद आणि पेटी सुरू, एवढे तरी होऊ शकते. बाहेरून दुय्यम कव्वालीचा सामना जरूर आणा, त्याआधी गावातली पार्टी बसवा.

दादांकडे तीन वह्या आहेत. एकीला उंदरांनी कुरतडले आहे. त्यांच्या स्वतःच्या रचना त्यात आहेत, प्रत्येकीच्या शेवटच्या कडव्यात त्यांचे नाव आहे. पहिल्या वहीचे फोटो मोबाईलवर काढून झाले. दुसरी आमच्या घरी आहे. ती पेरणीच्या आधी परत मागितली आहे त्यांनी, कारण मागच्या कोऱ्या पानांवर मजुरीचा हिशेब लिहायचा असतो.